दचकायचं नाही

दुपारच्या चहाला चौघंही स्वयंपाकघरात बसलेली असताना दवाखान्याचं दार कण्हलं.

नुसतं कुरकुरलं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण हा आवाज लांबत गेला, मध्येच थांबला, आणि आजारी माणसानं कूस बदलावी तसा पुन्हा एकदा येऊन संपला. दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. वैद्यबाई गेल्यापासून ती वापरात नव्हती. आत कुणी नव्हतं, आणि असण्याचं काही कारणही नव्हतं.

तिघांनी दाराकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते चौथीकडे. चौथी म्हणजे वैद्यबाईंची लेक. तिला आठवा महिना लागला होता.

"दचकलीस?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"पोटात हललं काही?"

"मावशी, पोटात बाळ आहे. ते हलणारच."

"म्हणजे दचकलीस. तुला कळलं नसेल. आधी बाळ दचकतं, मग बाईला कळतं."

मावशी नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती. औषधं कुटणं, गाळणं, तेलं कढवणं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना दटावणं, ही वैद्यबाईंच्या दवाखान्यातली तिची कामं. तिथे यायच्या त्या बहुतेक गरोदर बायका. कुणाला दुधातून शतावरी, कुणाला चमचाभर तूप, कुणाच्या तळपायांना कोमट तेल. महिना बदलला की आहार बदलायचा, औषध बदलायचं. एक गोष्ट मात्र पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत तीच राहायची: गर्भिणीला दचकवायचं नाही. मोठा आवाज नाही, उग्र वास नाही, भलतंसलतं दिसायला नको, वाईट बातमी तर नाहीच नाही. "तिच्यात दोन हृदयं असतात," वैद्यबाई नवऱ्यांना सांगायच्या, "एकाला धक्का दिलात तर दोघांना बसतो."

वैद्यबाई गेल्या तेव्हा ही वाईट बातमी लेकीला कशी सांगावी, याचा मावशी सबंध सकाळ विचार करत होती. लेक त्या वेळी शेजारीच, आईचा हात हातात धरून बसलेली होती.

त्यानंतर वडील एकटे पडू नयेत म्हणून लेक आणि जावई याच घरात राहायला आले. वडिलांनी जन्मभर लिलाव पुकारले होते. माल कपाटांचा असो की घोड्यांचा, त्यांचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या गल्लीत जाऊन, तिथल्या लोकांनाही बोली लावायला भाग पाडून परत यायचा. जावई कुलपं दुरुस्त करायचा. लेक लिफ्टची तपासनीस होती. इमारतींतल्या लिफ्टमधून वरखाली जायचं, कान देऊन ऐकायचं, आणि कुठला भाग झिजलाय ते सांगायचं, हे तिचं काम. आवाज करणाऱ्या लिफ्टची तिला कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटायची ती एकदम गप्प झालेल्या लिफ्टची.

"ते दार तिच्यासमोर पुन्हा असं ओरडता कामा नये," मावशीनं जावयाला कोपऱ्यात घेऊन बजावलं. "एवढी वर्षं कधी ओरडलं नाही हो. वैद्यबाई असेपर्यंत हूं नाही की चूं नाही."

"बिजागरी कोरडी पडली असेल."

"एकाएकी?"

जावयानं खांदे उडवले. बिजागऱ्या एकाएकीच कोरड्या पडतात असं त्याचं मत होतं. तेल लगेच घातलं असतं, पण त्याच्या दुकानातल्या तेलाचा डबा मावशीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. वास उग्र होता. मग तो दवाखान्याच्या दारापाशी गेला. शेजारच्या कोनाड्यात काळपट तेलाची एक बाटली होती आणि तिच्या बुचात पक्ष्याचं एक पीस खोचलेलं होतं. दाराशेजारी तेल, तेलात पीस. कुलूपवाल्याला यापेक्षा जास्त काय सांगायला हवं? पीस बुडवून त्यानं दवाखान्याचं दार गप्प केलं. हात चालूच होता, तेव्हा झोपायच्या खोलीचं केलं, स्वयंपाकघराचं केलं, न्हाणीघराचं केलं, कपाटांची केली.

त्या बाटलीची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. जाण्याच्या आदल्या दिवशी वैद्यबाई बोलत नव्हत्याच. एकदाच डोळे उघडून स्पष्ट म्हणाल्या, "ती काळी बाटली टाकू नका." खोलीत तेव्हा त्यांचा नवरा होता, लेक होती, मावशी होती. मावशी उठून बाहेर गेली. लेकीला मात्र सगळं समजलं. आईनं आपल्यासाठी तेल करून ठेवलंय. नवव्या महिन्यात कंबरेला, पाठीला, तळपायांना लावायचं तेल. आईच्या हातचं शेवटचं. त्या बाटलीला तिनं अजून हात लावला नव्हता. उघडली की संपायला लागणार. जाता-येता ती फक्त बाटली जागेवर आहे ना एवढं लांबून बघून घ्यायची, आणि याविषयी ती कुणाशी बोलली नव्हती, कारण दुःखाचं काही बोलायला लागलं की मावशी विषय बदलायची.

दारं गप्प झाली तशी मावशीला हुरूप आला. घड्याळाच्या ठोक्यावर मोजा चढला. कुकर माळ्यावर गेला. चपला दाराबाहेर गेल्या आणि सगळे अनवाणी चालू लागले. लिलाववाल्यांना कुजबुजत बोलायची सक्ती झाली.

"मला कुजबुजता येत नाही," ते मोठ्यानं म्हणाले.

"शिका, दादा."

ते शिकले. पण त्या छातीतून निघालेली कुजबुज ऐकणाऱ्याच्या पाठीवर काटा आणायची. विहिरीच्या तळातून कुणीतरी मीठ मागतंय, असं जेवताना वाटायचं.

घर असं झालं. माणसं खोलीत यायची, पण आलेली कळायची नाहीत. वळून बघावं तर पाठीशी कुणीतरी उभंच. दारं बोट लावलं की उघडायची, कधी बोट न लावताही. आणि दार उघडलं की आधी वास यायचा. तिळाचा, कढवलेल्या मुळ्यांचा, मागून किंचित धुरकट. वैद्यबाई खोलीत यायच्या तेव्हा त्यांच्याआधी जो वास यायचा, तोच.

लिलाववाल्यांना तो पहिल्यांदा आला तेव्हा ते न्हाणीघराच्या दारात दाढी करत होते. त्यांनी मागे न बघता विचारलं, "टॉवेल कुठे ठेवलास?" आणि मग, गालावर साबण तसाच ठेवून, ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले.

त्यांनी लेकीला काही सांगितलं नाही. मावशीला सांगितलं.

"ती घरात फिरतेय," ते विहिरीच्या तळातून म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी मालकीण."

मावशीनं हातातली गाळणी खाली ठेवली. वास तिलाही आला होता. पण तो कसला आहे हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती जास्त घाबरली होती. ती तडक जावयाकडे गेली.

"खरं सांगा. दारांना तेल तुम्ही घातलंत का? कोनाड्यातल्या बाटलीतलं?"

आदल्याच दिवशी लेक नवऱ्याला म्हणाली होती, "नववा लागला ना, की आईचं तेल काढू या. ते बघ, कोनाड्यात. तेवढंच उरलंय तिच्या हातचं." जावयानं तिकडे पाहिलं होतं. बाटलीच्या तळाशी जेमतेम बोटभर तेल उरलं होतं. रात्रभर तो तळमळला, आणि सकाळी सगळे उठायच्या आत त्यानं स्वयंपाकघरातलं तिळाचं तेल ओतून बाटली गळ्यापर्यंत भरली.

"मी?" तो म्हणाला. "छे."

मावशी कोनाड्यापाशी गेली. बाटली गच्च भरलेली होती. मागच्या खेपेला तिनं पाहिली होती त्यापेक्षाही भरलेली. दारांना तेल लागलेलं आणि बाटलीत तेल वाढलेलं. मावशी तिथेच बाकावर बसली.

"काय झालं?" लिलाववाल्यांनी विचारलं.

"बाटली भरलीय, दादा."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? आपोआप भरलीय!"

लिलाववाल्यांनी बाटली उचलली, बूच काढलं आणि नाकाशी धरली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू पारखलेल्या त्या माणसाचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"वास नाहीये," ते म्हणाले. "हिच्यात वासच नाहीये. सगळा वास घरभर, आणि बाटलीत काही नाही." त्यांनी बूच घाईघाईनं लावलं, पण उशीर झाल्यासारखं. "ती यातून बाहेर पडलीय."

जावई हे दाराआडून ऐकत होता. खरं बोलण्याची ती शेवटची संधी होती, आणि ती त्यानं सोडली. कारण त्याला स्वतःलाही आता एक निराळीच भीती वाटू लागली होती. तेल घातलं ते त्यानंच. वास कसला हेही त्याला माहीत. पण दुपारी दुकानातून जेवणाचा डबा न्यायला तो घरी यायचा, तेव्हा लेक झोपायला गेलेली असायची, सासरे झोपलेले असायचे, मावशी अंगणात मुळ्या वाळवत असायची, आणि आत कुठेतरी दारं हलायची. एक उघडायचं, थोडा वेळ जायचा, मग हलकेच लागून खिटी बसायची. मग दुसरं. जणू कुणी खोल्या तपासत फिरतंय. तेल घातलेलं दार वाऱ्यानं उघडतं, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा. पण वारा खिटी लावत नाही.

तिघांचं शेवटी एकमत झालं. दुपारी लपून बसायचं आणि बघायचं. लेकीला कळू द्यायचं नाही, ती दचकेल.

चटईवर पाय न वाजवता ते स्वयंपाकघरात दाराआड उभे राहिले. फटीतून बोळ दिसत होता, बोळात उघडणाऱ्या दारांच्या कडा दिसत होत्या, बायकांचा बाक दिसत होता, आणि दवाखान्याचं दार. मावशीनं लिलाववाल्यांची बाही धरली होती. लिलाववाल्यांनी जावयाचं मनगट धरलं होतं. जावयाला धरायला काही नव्हतं, म्हणून त्यानं लाटणं धरलं.

झोपायच्या खोलीचं दार उघडलं. आवाज नाही. ते काही वेळ तसंच राहिलं आणि लागलं. मग न्हाणीघराचं. उघडलं, थांबलं, लागलं. बोळात वास दाटून आला.

"येतेय," लिलाववाले म्हणाले.

भिंतीच्या कडेनं एक पांढरी, रुंद आकृती सरकत आली. पाय वाजत नव्हते. ती दवाखान्याच्या दाराशी थांबली. दार उघडलं. मग त्या आकृतीनं मान वाकडी केली, डोकं दाराच्या कडेला टेकलं आणि ती नुसती तिथे उभी राहिली. श्वास घेत. खोल, सावकाश, पुन्हा पुन्हा.

मावशी किंचाळली. जावयाच्या हातून लाटणं पडलं. लिलाववाल्यांनी "कोण आहे" असं जिवाच्या आकांतानं ओरडायला तोंड उघडलं, पण एवढ्या दिवसांची सवय, बाहेर पडली ती कुजबुज.

आकृती वळली.

"मी आहे," लेक म्हणाली. "तुम्ही तिघं दाराआड काय करताय?"

"दचकलीस?" मावशीनं विचारलं.

"नाही. तुम्ही?"

लेक बाकावर बसली. नाकाच्या शेंड्याला बिजागरीचा काळा डाग लागला होता.

"आईचा वास येतो दारांना," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं. लिफ्टच्या दारांवरच माझं पोट चालतं, कुठे नवं तेल पडलंय ते मला कळणार नाही? म्हटलं, ह्यानं आईच्या कपाटातलं कुठलं तरी तेल घातलं असेल. दुपारी तुम्ही झोपलात की मी एक फेरी मारते. बोलले नाही, कारण बोलले असते तर मावशीनं दारं पुसून काढली असती."

"कपाटातलं तेल?" लिलाववाल्यांनी जावयाकडे पाहिलं. मावशीनंही पाहिलं. जावयानं लाटण्याकडे पाहिलं.

"कपाटातलं नाही," तो म्हणाला.

लेकीला समजायला क्षणच लागला. तिनं हात लांब करून कोनाड्यातली बाटली घेतली, बूच काढलं आणि थोडं तेल तळहातावर ओतलं. पातळ, पिवळट. त्यात एक काळपट धागा पोहत होता, आणि बघता बघता तोही विरून गेला. तिनं हात नाकाशी नेला आणि खाली घेतला. ती रडली नाही, रागावली नाही. हात उघडा धरून बसून राहिली, जसं काही सांडेल.

"मला माहीत नव्हतं गं," जावई म्हणाला. "दाराशेजारी होती. पीस खोचलेलं होतं. मला वाटलं..."

"ते आईचं शेवटचं होतं."

"मी पुसून घेतो परत. कापसानं. प्रत्येक बिजागरीवरनं."

"आणि मी ते पाठीला लावू?"

घड्याळानं मोज्यात ठोका दिला. मावशी जागच्या जागी हलली. तिच्या तोंडावर अशी कळा आली होती, की कुणाला वाटावं कळा तिलाच सुरू झाल्यात.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "पण ते तिच्यासमोर बोलायचं नाहीये."

"मग मी कान झाकू?"

"वाईट बातमी आहे, पोरी."

"मावशी," लेक म्हणाली, "आता कुठली राहिलीय?"

मावशीनं लिलाववाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"ते तेल तुझ्यासाठी नव्हतंच. ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. करपलेलं होतं."

"हिच्या आईनं तेल करपवलं?" लिलाववाले म्हणाले. "शक्य नाही."

"मलाही शक्य वाटलं नव्हतं. तेल होत आलं की आतल्या चोथ्याची वात वळून विस्तवावर धरायच्या त्या. वात तडतडली तर तेल कच्चं. गप्प जळली की झालं, त्याच घटकेला उतरवायचं. जरा पुढे गेलं की औषध मेलं. जन्मभर त्यांची ती घटका चुकली नाही. त्या दिवशी वात गप्प जळली, आणि तेवढ्यात फोन वाजला."

"कुणाचा?"

"तुझा."

लेकीनं मान वर केली.

"दिवस गेलेत असं सांगायला केला होतास बघ. त्या फोन घेऊन इथे येऊन बसल्या, या बाकावर. गिऱ्हाइकांच्या जागी. मी बाजारातून आले तर घरभर धूर, कढई काळी ठिक्कर, आणि या इथे बसून फोनवर हसतायत. फोन ठेवल्यावर कढईकडे पाहिलं, तरी हसतच होत्या. मला म्हणाल्या, बाहेर बोलू नकोस, वैद्याचं नाव जाईल. पण टाकायचं नाही हं हे. दारांना घालू."

"दारांना?"

"दवाखान्याच्या दाराला त्या नेहमीच घालायच्या. आधी चांगलं, मग हे करपलेलं. पिसानं. आतल्या बायका दचकू नयेत म्हणून. लवकर उठून घालायच्या, तुम्ही कुणी पाहिलं नसेल." मावशीनं डोळे पुसले. "दार ओरडायला लागलं तेव्हाच मी समजले. तेल घालणारं माणूस राहिलं नाही. पण हे गरोदर बाईला कसं सांगायचं? आणि मग दारं आपोआप गप्प झाली, बाटली आपोआप भरली. माझं काय झालं असेल, विचार करा."

मग बाक हलायला लागला. आधी वाटलं लेक रडतेय. पण ती हसत होती. पोट दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, नाकावरच्या काळ्या डागासकट. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"म्हणजे," ती कशीबशी म्हणाली, "तो वास... आई यायच्या आधी जो वास यायचा... तो बिजागरीचा?"

"अर्धा तरी."

"आणि ह्यानं तेल बरोबर जागी घातलं?"

"अगदी बरोबर," मावशी नाइलाजानं म्हणाली. "आता पुरे. इतकं हसू नये."

"हसायचंही नाही का?" लिलाववाल्यांनी विचारलं.

"हसावं. बेतानं."

चौघं बाकावर ओळीनं बसली. ऊन खिडकीतून सरकत बाकाच्या पायापर्यंत आलं होतं. जावयानं बायकोच्या नाकावरचा डाग अंगठ्यानं पुसला. लिलाववाल्यांनी कुठेतरी बघत, आपल्याला वास तिच्या केसांचा वाटायचा, असं काहीतरी पुटपुटलं. सगळं उलगडलं होतं. घाबरण्यासारखं घरात आता काही उरलं नव्हतं.

तेव्हा दवाखान्याचं दार उघडलं.

आवाज झाला नाही. वीतभर उघडून ते थांबलं. बाकावर पुढे कोण आहे हे बघायला वैद्यबाई ते उघडायच्या, तेवढंच.

"वारा," जावई म्हणाला.

"खिडकी लावलेली आहे," मावशी म्हणाली.

लेक उठली. एक हात कंबरेवर, एक बाकाच्या पाठीवर.

"कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"माझा नंबर आलाय," ती म्हणाली आणि आत गेली. दार तिच्या मागे लागलं. ते तिनं लावलं की कसं, बाकावरच्या तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. खिटीही बसली, हलकेच.

आतून तिचा आवाज येऊ लागला. "हो. सकाळी दूध घेते." मग शांतता. "नाही, पायाला सूज नाही." पुन्हा शांतता. मधल्या शांतता लहानमोठ्या होत्या. समोरच्यानं काही विचारायला जेवढा वेळ लागावा, तेवढ्या.

मावशीनं लिलाववाल्यांची बाही पुन्हा पकडली.

"दादा," ती कुजबुजली, "पोरगी दचकली नाही ना?"

इतक्या दिवसांचं साठलेलं लिलाववाल्यांच्या छातीतून एकदम सुटलं. "ती नाही!" ते असे गरजले की घड्याळावरचा मोजा खाली पडला आणि पलीकडच्या गल्लीत कुणीतरी खिडकी उघडली. "तिला सोडून सगळे!"

आतलं बोलणं थांबलं.

"बाबा, हळू," लेक दाराआडून म्हणाली. "इथे तपासणी चाललीय."